आडव्या बाटल्या

...अंगण झाडून झालं होतं, कुकर लावला होता, म्हणून कपाटातले जुने कागद बदलायला घेतले. मागच्या आठवड्यातली साधी सकाळ.

कपाट ह्यांच्या व्हिस्कीचं. नऊ बाटल्या. हे रविवारी एकच पेग घ्यायचे, पण जमवायची हौस भारी. ऊन न येणाऱ्या आतल्या खोलीत सगळ्या उभ्या रांगेत. उघडलेल्या बाटलीच्या लेबलवर पेन्सिलची रेघ... किती उरली ते कळावं म्हणून.

हे गेल्याला दोन वर्षं झाली. मी सातवी शिकलेली, पण छापलेलं हाती आलं की वाचते. एका मासिकात वाचलं, बाटल्या आडव्या ठेवाव्यात, बूच कोरडं पडत नाही. मी सगळ्या आडव्या केल्या. ह्यांच्या वस्तूंची नीट काळजी घेतेय, असं वाटलं...

दिवाळीत उघडी बाटली उभी करून पाहिली तर व्हिस्की रेघेच्या चार बोटं खाली! घरात रोज येणारं माणूस एकच, माझे धाकटे दीर. कालव्याचं पाणी आमच्या भातशेताच्या बांधीत नीट येतंय का ते बघायचे आणि मग माझ्याकडे चहाला बसायचे. किल्ली कुठे असते ते त्यांना ठाऊक. मी सरळ विचारलं, तुम्ही घेतली का?

"वहिनी, भाऊ होता तं मांगून पेत होतो. आता चोरून कायले पिऊ?"

अर्धा चहा तसाच ठेवून गेले. तेव्हापासून आले नाहीत. शेताचे निरोप जाऊबाईंच्या हाती यायचे. सकाळी मी दोन कप काढायची आणि एक परत ठेवायची...

तर त्या सकाळी कागद उचलला. त्याच बाटलीच्या तोंडाखाली मोठा तपकिरी डाग, वास तोच. बूच धरलं तर हातात भुगा आला.

मासिक शोधून काढलं. ते पान वाईनचं होतं. मी उलटलंच नव्हतं... मागे लिहिलेलं, व्हिस्की मात्र उभीच ठेवावी, कडक दारू बूच खाते. ह्यांनी काही न वाचताही बाटल्या उभ्याच ठेवल्या होत्या. मी ह्यांची रीत मोडली आणि आळ घेतला त्यांच्या भावावर.

दुसऱ्या दिवशी बाटल्या उभ्या केल्या. डागाचा कागद घडी करून घेतला, आणि सकाळच्या चहाला दिरांच्या घरी गेले.