तीन उतार

भागवतने आपली पिकप सपाटीवर लावलेली मी कित्येक वर्षांत पाहिलेली नाही. भोकर-उमरी रस्त्यावर आमचं गाव. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत मी एकोणीस वर्षं मास्तरकी करतो आहे, आणि हा माणूस पावसाळाभर आपली गाडी शाळेमागच्या उतारावर, नेमकी माझ्या वर्गाच्या खिडकीखाली लावतो. इकडे प्रार्थना संपली की तिकडे तो चाकाखालचा दगड काढतो. गाडी घरंगळत निघते, भागवत दुसरा गिअर टाकून क्लच सोडतो, गाडीला एक आचका बसतो आणि काळा धूर थेट माझ्या फळ्यापर्यंत येतो. मी खिडकीतून ओरडतो. तो हात जोडतो. त्याला वाटतं, मी त्याला नमस्कार केला.

कारण भागवत बहिरा आहे. पुरता नाही, अर्धा. डिझेल इंजिनच्या डोक्यावर वीस वर्षं बसल्यावर दुसरं काय होणार? कुसुमबाईंची, म्हणजे त्याच्या बायकोची हाक त्याला उंबऱ्यावरून ऐकू येत नाही. पण गाडीच्या नोझलमध्ये जरा टिकटिक झाली की ती मात्र दोन गल्ल्या ओलांडून ऐकू येते. कुसुमबाई म्हणतात, "माझ्यात बी डिझेल भरा, मग ऐकू येईल."

गाडी दोन हजार चारची. नांदेडच्या एका भाजीवाल्याकडून जुनीच घेतलेली. रंग पांढरा होता असं म्हणतात. डावं दार निळं आहे, कारण ते दुसऱ्याच गाडीचं. उमरीच्या शिवप्पा मेस्त्रीने ते भंगारातून काढून बसवलं. ऑइल कधी बदललं, फिल्टर कधी टाकला, स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस कधी लावलं, या सगळ्या तारखा भागवत दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवतो. खडू माझ्या शाळेचा. आरटीओच्या पासिंगच्या दिवशी हा माणूस उपास धरतो आणि गाडी पास झाली की आधी गाडीला नारळ फोडतो, मग स्वतः चहा पितो. एवढ्या वर्षांत ती एकदाही नापास झालेली नाही. माझ्या वर्गाबद्दल मला असं म्हणता येणार नाही.

आता त्या उताराचं. गाडी घेतल्यावर दुसऱ्याच वर्षी, स्कॉलरशिपच्या परीक्षेला माझी बारा पोरं उमरीला न्यायची होती. थंडी कडाक्याची. भागवतने सेल्फ मारला, गाडी नुसती खाकरली आणि गप्प झाली. गाडी सपाटीवर. मग मी, भागवत आणि ती बारा पोरं, पेन खिशात अन् पॅड पाठीला लावून, गाडी ढकलायला लागलो. मारुतीपर्यंत ढकलली तेव्हा कुठे सुरू झाली. पोरं शेवटच्या घंटेला वर्गात पोहोचली, हात काळे, आणि दोन पोरींच्या उत्तरपत्रिकांवर अंगठे उमटलेले. पेपर सुटेपर्यंत भागवत फाटकाबाहेर मान खाली घालून उभा होता. त्या दिवसापासून त्याने गाडी सपाटीवर लावली नाही. खरी गंमत पुढेच. दुसऱ्या दिवशी शिवप्पाने सेल्फ असा दुरुस्त केला की तो आजतागायत बिघडलेला नाही! पण सांगणार कोण? दुधाने तोंड पोळलेला माणूस, ताकही फुंकून पिणार.

मग त्याने गावात तीन उतार ठरवले. घरापुढचा रोजचा. पावसाळ्यात तिथे चिखल होतो, म्हणून शाळेमागचा मुरमाचा. आणि माल भरलेला असेल तर मारुतीजवळचा, कारण तो लांब आणि सौम्य. भरल्या गाडीला तीव्र उतार नको. गावातल्या बायका वाट विचारणाऱ्या परक्या माणसालासुद्धा "भागवतच्या दुसऱ्या उतारापाशी वळा" असं सांगतात.

गेल्या वर्षी त्याच्या पोराचं, बालाजीचं लग्न जमवायला निघालो, तेव्हा हे उतारच आडवे आले. बालाजी भोकरला ठिबकच्या दुकानात कामाला आहे. पोरगा सोन्यासारखा, पण आमच्याकडे हल्ली पोरींचे बाप पोराचं तोंड बघायच्या आधी त्याचा सातबारा बघतात, आणि भागवतची जमीन पावणेतीन एकर. चार ठिकाणी नकार आला. बालाजीने आरशात बघायचं सोडून दिलं होतं. अशात लातूरजवळच्या श्रीमंतराव पाटलांच्या आरतीचं स्थळ आलं. पोरगी लातूरला डाळमिलच्या ऑफिसात कामाला, बोलायला खणखणीत. पोरगा-पोरगी आधी फोनवर बोलली, एकमेकांना आवडली. आता फक्त मोठ्यांनी घोळ घालायचा राहिला होता, तो आम्ही घातला.

पोरगी बघायला आम्ही पिकपनेच गेलो. लातूरकडची जमीन काळी आणि पोळपाटासारखी सपाट. श्रीमंतरावांच्या दारात केवढी तरी जागा. पण भागवत गाडी लावीना. गावाला तीन चकरा मारल्या. सगळं गाव ओसरीवर येऊन बघायला लागलं. शेवटी लांब ओढ्याच्या काठाला बोटभर उतार सापडला, तिथे गाडी लावून आम्ही शेतातून चालत, बुटाला चिखल लावून पाहुण्यांच्या घरी पोहोचलो.

सुशीला, म्हणजे मुरमुऱ्यांचा उपमा, आणि चहा आला. पोरगी बघून झाली. श्रीमंतरावांनी घसा साफ करून, जे विचारायचं ते विचारलं, "मग पाव्हणं, तिकडं उतारा हाय का?"

त्यांना सातबाऱ्याचा उतारा म्हणायचं होतं. पण ज्याने अर्धा तास उतार शोधला, त्याला दुसरं काय ऐकू येणार? भागवतचा चेहरा फुलला.

"येक न्हाई, तीन हायेत!"

"तीन?" श्रीमंतराव सरसावून बसले. "तुमच्याच नावावर?"

"हाव, गावातच!" नावाचं त्याला गाव ऐकू आलं. "येक तं घरापुढंच हाय."

"आन् पाणी?"

"पाण्याचा थेंब थांबत न्हाई. लगेच वाहून जातं."

"निचऱ्याची जमीन," श्रीमंतराव बहिणीकडे बघून म्हणाले. धोंडाबाई, त्यांची थोरली बहीण, त्या घरातलं शेवटचं न्यायालय. त्यांनी मान डोलावली.

मी काय करत होतो? माझ्या तोंडात सुशीला होती. घास गिळला तोवर पेढ्यांचा पुडा फुटला होता, बालाजी लाजत होता, आणि दाराआडून आरती हसत होती. त्या क्षणी खरं बोलायची माझी हिंमत झाली नाही. पोरांना वर्षानुवर्षं सत्य बोला म्हणून शिकवणारा मी, पेढा खाऊन गप्प बसलो. त्याची लाज मला अजून वाटते.

परतताना मी भागवतच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "अरे, ते सातबारा विचारत होते!" त्याने करकचून ब्रेक मारला. गाडी सपाटीवर उभी राहिली, तेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

"म्हणजे म्या खोटं बोललो, गुरुजी?"

"बोलला नाहीस. झालं ते चुकून."

बालाजी मधे बसला होता. तो काचेतून बाहेर बघत राहिला. भागवतने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "त्ये घर बघाया येणार हायेत ना? तीन म्हणलो, तं तीन दाखवतो. मंग सातबारा बी हातात देतो. तुला बायकू मिळंल न मिळंल, पण खोट्यावर न्हाई आणायची."

आठ दिवसांनी श्रीमंतराव आणि धोंडाबाई आले. जेवणं झाली. श्रीमंतराव म्हणाले, "चला, दाखवा." भागवतने दोघांना पुढे बसवलं, मी आणि बालाजी मागे, पोत्यांवर. घरापुढचा पहिला उतार तिथेच दाखवून झाला. मग गाडी शाळेमागे गेली, मग मारुतीपाशी. तिथे त्याने इंजिन बंद केलं, सनशेडमागची प्लास्टिकची पिशवी काढली आणि त्यातला कागद श्रीमंतरावांच्या हातात ठेवला.

"ह्ये माझे तीन उतार, पाव्हणं. गाडी लावायचे. आन् ह्यो उतारा. पावणेतीन एकर. मला कमी ऐकू येतं, त्या दिशी गफलत झाली. माफी असावी."

श्रीमंतराव लालबुंद झाले. "आमची थट्टा करायलात का? भर बैठकीत तीन म्हणून सांगितलं!" ते दार उघडायला लागले, पण ते निळं दार आतून उघडत नाही, बाहेरूनच उघडावं लागतं. म्हणून त्यांना बसावंच लागलं. त्या दारामुळे बालाजीचा संसार उभा राहिला असं मी आजही म्हणतो.

कारण तेवढ्यात धोंडाबाईंनी विचारलं, "पर मला येक सांगा, गाडीला उतार कशापायी लागतो?"

हे मात्र भागवतला नीट ऐकू आलं. त्याने सगळं सांगितलं. थंडी, परीक्षा, बारा पोरांचे काळे हात. "कुणाचं लेकरू माझ्यापायी पुन्यांदा अडू नये, म्हणून. गाडी लावतानाच सकाळचं बघून ठिवतो."

"आन् आता सेल्फ चालतो का?"

"चालतो की. येका झटक्यात."

धोंडाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसता हसता भावाला म्हणाल्या, "श्रीमंता, तीन उतार म्हणला, तीन दाखवले. खोटं कुठं बोलला? एकरं काय, आज हायेत उद्या न्हाईत. गाडी लावतानाच जो सकाळचा इचार करतो, त्या माणसाच्या घरी पोर अडायची न्हाई."

श्रीमंतराव लगेच विरघळले नाहीत. पोरीला विचारून कळवतो म्हणाले. कळवायला मात्र त्यांना वेळच मिळाला नाही, घरी पोहोचायच्या आत आरतीने बालाजीला फोन करून सांगितलं, "आत्यानं वाटेतूनच फोनवर सगळं सांगितलं. मला तीन उतार पुरतात." बालाजी ते वाक्य सांगत गावभर फिरला. मी शाळेला अर्धी सुट्टी दिली. रजिस्टरात कारण काय लिहिलं ते विचारू नका.

लग्न पोरीकडे, त्याच सपाट गावात. आम्ही वऱ्हाडाच्या जीपमागे पिकपमधून निघालो, समोर झेंडूच्या माळा, खडूच्या तारखा स्वच्छ पुसलेल्या. गाव जवळ आलं तसा भागवत सवयीने ओढ्याकडे वळायला लागला. तेवढ्यात रस्त्यात श्रीमंतराव फेटा बांधून आडवे उभे राहिले आणि हात करून त्यांनी गाडी मांडवाकडे घ्यायला लावली.

मांडवाच्या बाजूला मुरमाचा ढीग होता. ढीग कसला, दोन ट्रॅक्टर मुरूम टाकून, रोलर फिरवून, पाणी मारून तयार केलेला चांगला वीस पावलांचा उतार होता. शेजारी चाकाला लावायचा दगडसुद्धा ठेवलेला, त्यावर हळद-कुंकू.

भागवतने गाडी वर चढवली, दगड लावला आणि खाली उतरून नुसता बघत राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, माझ्याही आलं. श्रीमंतराव जवळ आले, त्याच्या खांद्यावर हात टाकून कानात ओरडले, "व्याही, बघा, आमच्याकडं बी उतार हाय! तुमच्या नावावर करून देऊ का?"

भागवत डोळे पुसत जोरात म्हणाला, "हाव, गावातच!"