तिच्या नावापुढे दोन पॉइंट

आकड्यांवर माझा कधीच राग नव्हता. उलट त्यांच्याच जिवावर मी क्लबच्या बास्केटबॉल संघात आले. बुटकी म्हणून सरांनी मला आधी सरावाचे प्लास्टिकचे कोन मांडायला आणि बाटल्या भरायलाच ठेवलं होतं. मग सराव सामन्यांचे पॉइंट सरांच्या टॅबवर चढायला लागले, सगळ्यांत जास्त बास्केट माझे निघाले आणि सरांना मला घ्यावंच लागलं. उंची कुणालाही दिसते, पण टॅब माझी उंची बघत नव्हता. मला तो फार आवडायचा.

जिल्ह्याचा संघ ज्या स्पर्धेतून निवडणार होते, तिचा शेवटचा सामना आमचा आणि मालेगावचा. त्यांच्यातली एक मुलगी कुणालाच आवरत नव्हती. मला जिल्ह्याच्या संघात यायचंच होतं, कारण आईने बजावलं होतं, "नाव आलं तर खेळ. नाहीतर बास आता, बारावी आहे."

सामन्याआधी सरांनी मला बाजूला घेतलं. "आज बास्केटकडे बघायचं नाही. फक्त तिला धरून राहायचं. ती पाणी प्यायला गेली तरी मागे जा."

"आणि निवडीचं काय, सर?"

"मी आहे ना समितीत. ते माझ्यावर सोड."

मी सोडलं. सामनाभर त्या मुलीला अशी चिकटले, की शेवटी ती वैतागून म्हणाली, "तुला दुसरं काम नाही का गं?" एकदा सोडला तर तिला मी बॉल मिळूच दिला नाही. आम्ही जिंकलो. सरांनी सगळ्यांना मिसळ खाऊ घातली आणि स्वतःचा पापड उचलून माझ्या ताटात ठेवला. मी मूर्खासारखी खूश झाले.

दुसऱ्या दिवशी यादी लागली. माझं नाव नव्हतं. मी सरांना गाठलं, तर त्यांनी टॅबच माझ्याकडे फिरवला. "बघ, शेवटच्या सामन्यात तुझा एक पॉइंट नाही. समितीने त्याच सामन्याला जास्त महत्त्व दिलं. मी काय दाखवू त्यांना?"

"सर, तुम्हीच सांगितलं होतं."

"ते यात येत नाही ना."

हे बोलताना त्यांचा चेहरा जराही पडला नाही. अजून ते आठवलं की माझं डोकं फिरतं. टॅब खोटं बोलत नव्हता. पॉइंट खरंच शून्य होते, आणि न मिळालेला बॉल तो बिचारा कुठे टिपणार? पण सरांना सगळं ठाऊक होतं. त्यांच्या तोंडून एक वाक्य निघालं असतं तरी पुरलं असतं. ते टॅबच्या मागे जाऊन बसले.

यादीत त्या मालेगावच्या मुलीचंही नाव नव्हतं. शेवटच्या सामन्यात तिच्या नावापुढे दोन पॉइंट होते. माझी सगळी मेहनत तिथे लिहिली गेली होती.

ती गेटपाशी बॅग मांडीवर घेऊन वडिलांची वाट बघत बसली होती. मला बघून सरकली. मी शेजारी बसले.

"तुझं आलं नाव?" तिने विचारलं.

"नाही."

तिला खरंच कळेना. जराही न रागावता ती म्हणाली, "मग मला कशाला अडवलंस?"