झरीची अँबेसिडर आणि चालकाचा मान

गाडी बघायला निघाले तेव्हा माझ्या बाजूचं घरात कुणीच नव्हतं. धाकटा भाऊ संजू म्हणाला, "ताई, त्या पैशांत थोडे घातले की नवी ऑटोमॅटिक येईल." मुलगी पुण्याहून म्हणाली, "आई, तुला एसीशिवाय चैन पडत नाही आणि तू अँबेसिडर घेणार?" शेजारच्या काकूंनी नवरा गेल्यावर बायकांना असे झटके येतात, असं माझ्या माघारी पण मला ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलं. मी सगळं ऐकून घेतलं आणि संभाजीनगर ते परभणी तिकीट काढलं. स्वतःच्या पगारावर जगणाऱ्या बाईला एक गाडी घ्यायला किती जणांची परवानगी लागते, ते मला एकदा बघायचंच होतं.

अँबेसिडरच का, हे आधी सांगते. माझं लहानपण गंगाखेडचं. वडील, म्हणजे दादा, शाळेत मास्तर. आमच्या बौद्धवाड्यातली पहिली चारचाकी त्यांची, जुनीच घेतलेली पांढरी अँबेसिडर. जयंतीला तिच्या बॉनेटवर निळा झेंडा लागायचा आणि गल्लीतली झाडून सगळी पोरं आळीपाळीने एक चक्कर मारून यायची. संजूला मिसरूड फुटायच्या आत दादांनी नदीच्या पात्रात नेऊन गाडी शिकवली. मला नाही. मी मागच्या सीटवर आई आणि जेवणाचा डबा यांच्या मधोमध. गिअर स्टिअरिंगच्या हँडलपाशी असायचा, तो वर-खाली कसा जातो ते मी दोन सीटांच्या मधून बघून पाठ केलं होतं. चाळिशी उलटल्यावर छोट्या गाडीवर शिकले, पण तो गिअर हातात कधी आलाच नव्हता. दादांची गाडी तर मी कॉलेजात असतानाच विकली गेली.

फोटो मोबाइलवर दिसला. झरीजवळच्या एका खेड्यातली गाडी, मालक एकच, रंग पांढरा. फोन केला तर पलीकडून विचारलं, "सायेब कवा येणार बघायला?" म्हटलं, साहेब नाहीत, मीच येणार आहे.

सकाळची गाडी पकडली. चैत्रात या बाजूला येणार असाल तर स्लीपरच्या खिडकीचा हट्ट सोडा, गरम वाऱ्याने तोंड भाजून निघतं. सेलू, मानवत रोड, पेडगाव करत परभणी आली. स्टेशनाबाहेर पडून बसस्टँडपर्यंत चालत गेले. जिंतूरकडे जाणारी कुठलीही एसटी झरीला थांबते, आणि बायकांना अर्धं तिकीट असल्याने भाडं चहा-भज्यांत बसतं. झरीच्या फाट्यावर मालकांचा मुलगा बालाजी मोटारसायकल घेऊन उभा होता. त्याने माझ्या मागे, बसमधून आणखी कोण उतरतंय ते बराच वेळ पाहिलं.

मालकांना गावात सगळे आबा म्हणतात. बागायती शेती, दारात ट्रॅक्टर, पायात सांधेदुखी. चहा आला. मग आबांनी आडनाव विचारलं. सांगितलं. ते का विचारतात हे मला कळतं, आणि मला कळतं हे आबांनाही कळलं. कपातला घोट गिळून ते म्हणाले, "चला, गाडी दाखवितो."

गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली ती उभी होती, अंगावर दोन गोधड्या. आबांनी गोधड्या ओढल्या आणि मला एकदम भरून आलं. गाडीपुढे रडणारी बाई म्हणजे भाव वाढवून देणं, हे ठाऊक असूनही डोळे पुसावे लागले. क्रोमला एक डाग नाही. रेग्झिन शिवलेलं असलं तरी मूळचं. दार लावलं की दार लागल्याचा भरभक्कम आवाज, आजकालच्या गाड्यांसारखा डब्याचं झाकण लावल्याचा नाही. तुम्हीही अशी गाडी शोधत असाल तर रंगावर जाऊ नका. पायाखालची मॅट उचला आणि पत्रा बोटाने दाबून पाहा. शिवाय इतक्या जुन्या गाडीची नोंदणी पुन्हा करून घेतलेली आहे का, ते आरसी बुकात तपासा. आबांनी दोन्ही सांभाळलं होतं. किंमत? दोन चांगल्या म्हशी येतील तेवढी.

पण गाडी इतकी टकाटक राहिली त्याचं कारण वेगळंच निघालं. "ह्या गाडीत आमी बाजार न्हाई केला, दवाखाना न्हाई केला," आबा म्हणाले. "फकस्त लेकी धाडल्या. गावातली कुणाचीबी लेक असू, सासरला ह्याच गाडीत जाती. लय लेकी गेल्या बगा. मीच चालवितो." दोन दिवसांनी त्यांच्या नातीचं, पल्लवीचं लग्न होतं. सासर नेमकं आमच्या गंगाखेडचं. तिला तिथे पोचवल्यावर गाडी माझी.

इथे बालाजी मध्ये पडला. "आबा, तुमचा गुडघा क्लचवर टिकत न्हाई. गावात ह्यो गिअर कुणाला येत न्हाई. माझ्या मेव्हण्याची छत उघडणारी गाडी येऊ द्या की. अन् ही भंगारवाला न्यायला तयार हाय, आजच्या आज."

आबा गुडघ्यावर हात ठेवून गाडीकडे बघत राहिले. मला वाटलं, गाडी गेली हातची. तोंडातून निघून गेलं, "पल्लवीला मी पोचवते."

"तुमी?" बालाजी हसला. "वरातीत बाई गाडी चालविणार? लोकं काय म्हणतील?"

"लोकांना लिफ्ट हवी असेल तर विचारतील," मी म्हटलं.

आबांनी चावी पुढे केली. पत्र्याखालून गाडी उलटी काढून, कडब्याच्या गंजीला वळसा घालून परत आणायची. स्टिअरिंग एवढं जड की दोन्ही खांदे कामाला लागले. एकदा बंद पडली. बालाजीने मान फिरवली. पण गिअर मात्र पहिल्या झटक्यात पडला, माझ्या हाताला तो जन्मापासून येत असल्यासारखा. आबा एवढंच म्हणाले, "पल्लवीला सुखरूप उतरवा. मंग पेपरवर सही करतो."

परभणीत स्टेशनजवळ लॉज घेतलं. लग्नसराईत आधी फोन करा, नाहीतर मिळेल त्या खोलीत मिळेल तो पंखा. एक दिवस गाडीचं पाणी, तेल, पट्टा, ब्रेक बघून घेण्यात गेला. लग्नाच्या दिवशी दुपारी जेवले, वांग्याची भाजी, पुरी, बुंदी, वरण-भात. बुंदीचा आग्रह मोडवत नव्हता, पण क्लच दाबायचा होता म्हणून मोडला. गाडीला इतके हार घातले होते की समोरचं काही दिसेना. मी काचेवरचे काढायला लावले, त्यावरही दोन माणसं रुसली.

पल्लवी मागे बसली, शेजारी नवरा मुलगा आणि तिची मावशी. पुढे माझ्याजवळ तिचे मामा, फेटा बांधून. मामांना सायकलसुद्धा येत नाही, हे त्यांनीच सांगितलं. आबा खिडकीशी आले, नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "सावकाश." पल्लवी परभणीपर्यंत रडली. मी तिला रडू दिलं आणि गाडी चाळिसावर ठेवली. पोखर्णीला मामांना दर्शन घ्यायचं होतं, मला रेडिएटरला पाणी दाखवायचं होतं. दोघांचं काम झालं. पुढे उसाच्या रिकाम्या ट्रॉल्या आडव्या येत राहिल्या, आणि मग गोदावरीचा पूल आला. गंगाखेडात मी गाडीतून शेकडो वेळा शिरले असेन, पुढच्या सीटवरून पहिल्यांदाच.

नवऱ्याकडची गल्ली अरुंद. पुढे बँड, मधे आम्ही, मागे पाहुण्यांची जीप आणि कपाट-भांडी लादलेला टेम्पो. दारात गाडी थांबवली. वरमाय ओवाळायचं ताट घेऊन आली, मागोमाग नवऱ्याचे वडील आहेर घेऊन. आमच्याकडे नवरीची गाडी आणणाऱ्या चालकाला टॉवेल-टोपी देतात. त्यांनी खिडकीतून आत पाहिलं, टॉवेल मामांच्या खांद्यावर टाकला, टोपी फेट्यावर बसेना म्हणून हातात दिली आणि नमस्कार केला. मामांनी दोन्ही घेतलं आणि उलट नमस्कार केला.

माझ्याकडे वरमाय वळली, हातात हळदी-कुंकू आणि खण. "ताई, ओटी घ्या." मी म्हटलं, "नवरा वारलाय माझा." तिचा हात तिथेच थांबला, मग हळूच ताटाकडे परत गेला. बिचारीला काय करावं सुचेना. तिचा मला राग नाही आला. राग आला तो मामांच्या हातातल्या टोपीचा. दादा आठवले. तहसिलीत, बाजारात, लग्नात, कुठेही गाडी उभी केली की लोक त्यांना विचारायचे, "कोणत्या सायेबाची गाडी आणली?" गाडीचे मालक असूनही गाडी विकेपर्यंत लोक त्यांना ड्रायव्हर समजत आले, आणि मी खरोखर चालवत आणली तर मला ड्रायव्हरसुद्धा समजेनात.

मी इंजिन बंद केलं आणि चावी मुठीत घेतली. "मामा, टोपी माझी आहे."

"अवो, बाईमाणसाला टोपी कशी देणार?" नवऱ्याचे वडील म्हणाले. "साडी देतो की तुमाला, चांगली."

"साडी पाहुणीला देतात. मी चालक आहे. नाहीतर मामांना सांगा गाडी बाजूला घ्यायला."

मामांनी स्टिअरिंगकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. मागे टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला. बँडवाले थांबले. कोपऱ्यावरचे चार लोक पुढे सरकून काय झालं विचारू लागले, आणि कुणीतरी म्हणालं, "बाई लय हट्टी दिसती." दिसते नाही, आहेच. तेवढ्यात मागून आवाज आला, रडून बसलेला पण स्पष्ट. पल्लवी म्हणाली, "मॅडमला मान दिल्याबिगर मी उतरत न्हाई."

सासरच्या उंबऱ्यावर नव्या सुनेने तोंड उघडलेलं कुणालाच पचेना. मला तिची धास्ती वाटली, तिला त्या घरात राहायचं होतं, मला नव्हतं. मी मागे वळून म्हणणार होते, पोरी, राहू दे, उतर. पण नवऱ्या मुलाने दार उघडलं, खाली उतरला, मामांच्या हातातून टोपी आणि खांद्यावरून टॉवेल घेतला आणि पुढून फिरून माझ्या खिडकीशी आला. "वीस कोस उन्हात आणलं की आमाला," तो वडिलांना म्हणाला, माझ्याकडे न बघता. टॉवेल दिला, टोपी दिली. टोपी मी तिथल्या तिथे घातली. वरमायेला हसू आलं, तिने पदर तोंडाला लावला, आणि मग पल्लवी माप ओलांडून आत गेली.

दुसऱ्या दिवशी आबांनी सही केली. माझ्या टोपीची बातमी माझ्याआधी पोचली होती. बालाजीने न सांगता टायरमधली हवा तपासून दिली, मीही न सांगता त्याचा चहा घेतला. परतीचा रस्ता झरी, बोरी, जिंतूर, मंठा, जालना असा. पहाटे निघा, मंठ्याच्या आधी नाश्ता करा, पाण्याचे दोन कॅन डिकीत ठेवा आणि ट्रकवाल्यांशी शर्यत लावू नका. एसी नाही. घामाने भिजून निघाले, आणि वाटेतल्या प्रत्येक पंपावर पोरं मोबाइल काढून गाडीभोवती जमली.

हा प्रवास करावा का, असं विचाराल तर लहानपण परत मिळेल या आशेने करू नका. ते काही डिकीत सापडत नाही. या गाडीला आमच्या गाडीचा वास नाही, सीटवर आईने सांडलेल्या लोणच्याचा डाग नाही. माझ्यापाशी राहिलं ते दुखणारे खांदे आणि एका नव्या नवरीची काळजी. घरी पोचल्यावर तिला मी फोन केला. "घरात बोलायलेत का गं काही?" विचारलं. "बोलायलेत," ती म्हणाली, "मी बी बोलायले."

संध्याकाळी संजू आला. गाडीभोवती दोनदा फिरला, टायरला लाथ मारली, नंबर वाचला. "ताई," तो म्हणाला, "ही काही दादांची गाडी नाही."

"नाहीच," मी म्हटलं. "ही माझी आहे."

तो चावीसाठी हात पुढे करून उभा राहिला. मी त्याला मागचं दार उघडून दिलं.