शिक्षा म्हणजे काय

राहीबाईचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असे, आणि तो तिथे असायला कारणंही पुष्कळ होती. एकोणीस वर्षं तिने मुंबईत एका इस्पितळात आयाचं काम केलं, उत्तरेकडच्या पेशंटांच्या शिव्या खाता खाता हिंदी शिकली आणि उतारवयात बिरवाडीच्या बौद्धवाडीत परत आली. ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. गावात टीव्ही एकच, सवर्णांच्या आळीत, कारखान्यात फिटर असलेल्या रावजीच्या घरी. दर रविवारी सकाळी हिंदी मालिका लागे, माजघर बायकांनी भरून जाई आणि हिंदी एकीलाही धड कळत नसे. म्हणून राहीबाई हवी. पण कुठे हवी? पडवीत, खिडकीखाली, गोणपाटावर! रावजीची बायको ठकूबाई ते गोणपाट लांबून फेकी आणि वर उपकार केल्यासारखं तोंड करी.

राहीबाई गजांतून बघे आणि आतल्यांना मराठीत सांगे. सांगता सांगता मालिकेची सालटीही काढी. "नुसती रडतायत. लिवनाऱ्याला काय सुचला नाय, की रडवतो. दार वाजतंय आन् घरात कोन उठत नाय, तवा खरा जीव टांगनीला लागतो." आतल्यांना हे पटे, पण तसं म्हणायला जीभ रेटत नसे.

मालिकेतल्या अडाणी सुनेने दिराच्या कागदावर अंगठा उठवला आणि घर त्याच्या नावावर गेलं. दोन रविवार सासरा गप्प. तिसऱ्या रविवारी तो काठी टेकत सुनेसमोर उभा राहिला. माजघरात पापणी हलेना. राहीबाईसुद्धा गज धरून उभी राहिली होती. मग सासरा म्हणाला, "इस बहू को मैं खुद शिक्षा दूँगा," आणि भाग संपला.

"बरा झाला!" ठकूबाईने टाळीच वाजवली. "हानायलाच पायजे तिला!"

"मार नाय गो," खिडकीतून राहीबाई म्हणाली. "हिंदीत शिक्षा म्हंजे शिक्षन. तो तिला शिकवनार हाय."

माजघर खदखदून हसलं. "शिक्षा आमाला कळत नाय व्हय?" ठकूबाई म्हणाली. "आता तुजी गरज नाय. पुढल्या रविवारी गोनपाट टाकनार नाय मी."

राहीबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. गोणपाट गेलं तर गेलं, पण एकोणीस वर्षांचं हिंदी खोटं ठरवतात म्हणजे काय? "मी चुकले तर तुज्या पडवीची पायरी चढनार नाय," ती म्हणाली. "खरी ठरले तर माजघरात बसेन. खुर्चीवर."

"बस की," ठकूबाई हसत म्हणाली. पण म्हणाली सगळ्यांच्या देखत, तिथेच फसली.

आठवडाभर राहीबाईला अन्न गोड लागलं नाही. शब्दाची तिला खात्री होती, पण लिहिणाऱ्याची नव्हती. त्याने ऐन वेळी माती खाल्ली तर?

रविवारी ती उभ्यानेच गजांना टेकली. सासरा काठी बाजूला ठेवून खाली बसला आणि त्याने सुनेपुढे पाटी सरकवली.

राहीबाई उंबरा ओलांडून आत आली. बायकांनी अंग चोरलं आणि तिला लागते त्याच्या दुप्पट वाट करून दिली. ती रावजीच्या खुर्चीवर बसली. पडद्यावर सुनेने पेन्सिल उचलली, पाटीवर टेकवली, आणि ठकूबाईने उठून खटकन टीव्ही बंद केला.

"लाईट फार जळते," ती म्हणाली.

काळ्या काचेत सगळ्यांची तोंडं दिसत होती, खुर्चीवरची राहीबाईसुद्धा. शेवटी ठकूबाईची धाकटी जाऊ आवडी, तिला राहवलं नाही. "गो राहीबाय, काय लिवला असंल तिनं?"

"मला ठावं हाय," राहीबाई उठत म्हणाली. "पन हितं नाय सांगनार. माज्या घरी या. आत बसा. पयला माज्या घरचा पानी प्या, मग सांगते."

ती निघून गेली. ठकूबाई एकेकीकडे रोखून बघत राहिली आणि बायका जमिनीकडे बघत राहिल्या. आवडीने पदर सारखा केला, उठली आणि दारातल्या चपलांत आपली चप्पल शोधायला लागली.