सुताराच्या बायकोने घातलेला चष्मा

कपड्यांच्या कारखान्यात बायका तिला ‘दुर्बीण’ म्हणत. शिवून आलेला सदरा हातात घेतला की चुकलेला टाका तिला आधी दिसायचा, सदरा नंतर.

तिचा नवरा सुतार. एका दुकानात कपाटं बसवताना त्याचं हृदय बंद पडलं. सोबतच्यांनी छाती दाबून दाबून त्याला परत आणलं, पण मधल्या वेळात मेंदूला रक्त पोचलं नव्हतं. हातपाय, बोलणं, आठवण, सगळं शाबूत राहिलं. फक्त घरी आल्यावर समोरची पाण्याची बाटली त्याला सापडेना.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, “डोळे ठणठणीत आहेत.”

तिचा जीव भांड्यात पडला, आणि तिथूनच घरात कटकट सुरू झाली. खिडकीबाहेर उडणारा पक्षी त्याला दिसायचा, पण ओट्यावरच्या पसाऱ्यात स्वतःचा कप दिसायचा नाही. सकाळी दाराची कडी झटक्यात काढायचा, संध्याकाळी दमला की तीच कडी चाचपडत बसायचा. नणंद म्हणाली, “वहिनी, दादाला आयतं खायची चटक लागलीय.” मनातून तिलाही तेच वाटत होतं.

शेवटी कुणीतरी पुनर्वसन केंद्राचा पत्ता दिला. तिथल्या थेरपिस्ट बाईंनी त्याला बरेच दिवस तपासलं आणि एकदा तिला बोलावून घेतलं.

“यांचे डोळे बघतात, पण बघितलेल्याचा अर्थ मेंदूला लावता येत नाही. सांगून पटणार नाही. तुम्हीच बघा.”

बाईंनी तिच्या डोक्यावर व्हर्च्युअल रिअॅलिटीचा जाडजूड चष्मा चढवला. समोर एक स्वयंपाकघर उभं राहिलं.

“टेबलावरचा चमचा शोधा.”

ती हसली. “एवढंच?”

रंग होते, कडा होत्या, पण कुठली कड कशाची ते समजेना. सगळं एकमेकांत कालवल्यासारखं. एका गोष्टीवर नजर रोवली की बाकीचं निसटायचं. मागे रेडिओ सुरू झाला आणि हाती लागलेलंही गेलं.

“इथे चमचा नाहीच.”

“तुमच्या उजव्या हाताशी आहे, ताई.”

तिने पुन्हा शोधलं. मग दृश्य बदललं, रस्ता आला, माणसांचे ठिपके अंगावर यायला लागले. “काढा,” ती म्हणाली. “काढा हे.”

बाईंनी लगेच चष्मा उतरवला. “त्यांना हुबेहूब असंच दिसतं असं नाही. अंदाज यावा, एवढंच.”

नवरा शेजारच्या खुर्चीवर बसला होता. “सापडला चमचा?”

“नाही.”

“मग?”

“काढायला सांगितलं.”

त्याने मान हलवली. “मी कुणाला सांगू?”

घरी येताना तिने विचारलं, “अहो, मी दिसते का तुम्हाला?”

“बोललीस की दिसतेस. गप्प असलीस की कोणीतरी बाई.” थोडं चालल्यावर तो म्हणाला, “संध्याकाळी तू जवळ बसतेस म्हणतेस. मला वाटायचं, शेजाऱ्यांकडे गेलीस.”

बरं होईल का, हे तिने बाईंना नंतर विचारलं. बाईंनी खोटं सांगितलं नाही. सवयीने थोडा फरक पडेल, पहिल्यासारखं होणार नाही. मग तिने ओटा मोकळा केला, भिंतीवरची चित्रं उतरवली, त्याच्या कपाखाली काळं फडकं घातलं. फरक पडला, पण थोडाच. नणंदेला समजवायचा प्रयत्न तिने एकदा करून सोडून दिला. हत्यारांची पेटी त्याने स्वतःच एका सुताराला देऊन टाकली.

एका सकाळी त्याच्या कोपराने काचेची थाळी खाली पडली आणि फुटली. ती कामावर जायच्या घाईत होती. तोंडातून निघून गेलं, “डोळ्यांसमोर तर होती.”

बोलून ती जागीच थिजली. पूर्वी ती ओरडायची तेव्हा निदान तो आळस करतोय असं तिला खरंच वाटायचं. आता सगळं माहीत असूनही तेच शब्द आले. तो खाली बसून तळव्यांनी तुकडे गोळा करायला लागला. त्याला थांबवायला हवं होतं. तिच्याने पाऊल उचलवलं नाही.

हल्ली संध्याकाळी तो मधूनच विचारतो, “आहेस ना?”

“आहे,” ती म्हणते.

कधी दिवसभर कापडं तपासून ती इतकी शिणलेली असते की प्रश्न ऐकू येऊनही तोंड उघडत नाही. अशा वेळी तो दुसऱ्यांदा विचारत नाही.