आधी आईला विचारा

दौंडच्या दवाखान्यात सालोमी सिस्टर पेशंटचा कागद टेबलावर पालथा ठेवायच्या आणि मग म्हणायच्या, "हां, आता आईनं सांगायचं. काय काय बघितलं?" कागद नंतर. डॉक्टर खोळंबले तरी नंतर.

मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर बसले ती खाली मान घालून. माझी मंगल तेव्हा चार वर्षांची. तिचे गाल भरले म्हणून मी तिला आमच्या वडगाव रासाई गावभर मिरवलं होतं, पोरीनं बाळसं धरलं म्हणून दृष्टही काढली होती. ती निघाली मूत्रपिंडाच्या आजाराची सूज. आधीच्या दवाखान्यात सगळ्यांदेखत "आई ना तुम्ही?" असं ऐकून घ्यावं लागलं होतं. स्वतःच्या डोळ्यांवरचा माझा विश्वासच उडाला होता.

सिस्टर म्हणाल्या, "लेकराचं गाल भरल्यालं बघून कुठली आई रडंल? डोळा चांगला हाय तुमचा, त्याला कुणी शिकवलं न्हाई एवढंच." मग मंगलला विचारलं, "बाईसाहेब, पायाला हात लावू का?" तिनं मान डोलावल्यावर माझाच अंगठा धरून तिच्या नडगीवर दाबला. खळगा पडला, तो भरून यायला किती वेळ लागतो ते दाखवलं. रोज सकाळी काचेच्या नळीत लघवी तापवून ती पांढरी होते का, हे बघायला शिकवलं; पांढरी झाली की दुखणं उलटतंय असं समजायचं.

"बरी हुईल ना?" मी विचारलं.

"हुईल. परत सुजंल, परत बरी हुईल. लांबचं काम हाय. खोटं सांगून तुम्हाला घरी धाडणार न्हाई मी."

त्या खरं बोलल्या म्हणून मला धीर आला. पुढं कितीतरी वर्षं आमच्या फेऱ्या चालल्या. एकदा नवे डॉक्टर म्हणाले, सूज दिसत नाही, सगळं ठीक आहे. "दोन दिवस नळी पांढरी हुतीय," मी पुटपुटले. त्यांनी कागदावरून मान वर केली नाही. सिस्टर मध्ये पडल्या, "साहेब, आपण महिन्यातनं धा मिनटं बघतो. ह्या रोज बघत्यात." लघवी तपासली. माझंच खरं निघालं, आणि दुखणं वाढायच्या आत औषध सुरू झालं. त्या दिवशी एसटीत मी अगदी ताठ बसून आले.

मंगल बरी झाली, बारावी झाली. तोवर सिस्टर निवृत्त होऊन दौंडलाच राहत होत्या. पेढे घेऊन गेलो तर त्या अंथरुणावर. पांघरुणातून पाय बाहेर काढून म्हणाल्या, "बघा बरं."

मी अंगठा दाबला. खळगा भरेना.

"काय दिसतंय?"

काही नाही म्हणणार होते. पण ज्या बाईनं मला एकदाही खोटं सांगितलं नाही, तिला मी खोटं कसं सांगू?

"सूज हाय, सिस्टर. लई हाय."

त्या हसल्या. मंगलचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "बघ, तुझ्या आईला शिकवायचं काय बी ऱ्हायलं न्हाई."