हबीबचाचांचा स्क्रूड्रायव्हर

"म्हाताऱ्यानंच टीप दिली बे, म्हणून तर पळून चाललाय."

हबीबचाचांच्या गॅरेजसमोर टेम्पोत सामान चढत होतं. समोरच्या टपरीवरून अक्षय हे मुद्दाम मोठ्यानं म्हणाला. चाचांनी मान वर केली नाही. हातातला लांब स्क्रूड्रायव्हर ते फडक्यात गुंडाळत राहिले.

त्या स्क्रूड्रायव्हरनंच ते गाडी तपासायचे. टोक चालू इंजिनवर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. गिऱ्हाईक तक्रार सांगू लागलं की म्हणायचे, "तुमी थांबा, आदी गाडीला बोलू द्या." माजलगावात आमचं घर त्यांच्या शेजारीच. इंग्रजी शाळेमुळे माझं मराठी अडखळायचं, पोरं नक्कल करायची. चाचांनी मला कधी बोलायला लावलं नाही. मी स्कूटी घेऊन गेले की स्टूल सरकवायचे आणि कामाला लागायचे.

अक्षयची टोळी धरणाच्या रस्त्यावर मोटरसायकलच्या शर्यती लावायची. सायलेन्सर काढून द्या म्हणून चाचांच्या मागे लागायची. "सिनेमातला हिरो पडला तरी उठतो बे. तू न्हाई उठणार," चाचा म्हणायचे. "एक दिवस पोलिसालाच सांगतो बघ." पोरं हसायची.

मग विकी आला. वाढलेली दाढी, कानात बाळी, टोळीत शिरायची धडपड. त्याच्या गाडीला स्क्रूड्रायव्हर लावून चाचा बराच वेळ ऐकत राहिले. तो गेल्यावर मला म्हणाले, "बेटा, ही गाडी लई जपून चालवलेली हाय. शर्यतवाल्याची न्हाई ही."

मी ते मनावर घेतलं नाही. विकी माझ्याशी इंग्रजीत बोलायचा, न हसता ऐकायचा. पोरं त्याला शर्यतीची वेळ सांगत नव्हती. माझ्यासमोर मात्र बिनधास्त बोलायची. मी कुणाला काही सांगेन, असं त्यांना वाटतच नसे. विकीनं सहज विचारलं. मी सांगून टाकलं: रविवारी, सकाळी सहाला.

त्या रविवारी विकी पोलिसांच्या जीपमधून खाकी वर्दीत उतरला. गाड्या जप्त झाल्या, पोरांवर गुन्हे दाखल झाले. अक्षय पोलीस भरतीसाठी पळायला जायचा, तेही संपलं. संशय चाचांवर गेला. पोलिसाला सांगतो म्हणणारे तेच होते ना! गिऱ्हाईक तुटलं. शटरवर कुणीतरी कोळशानं 'खबरी' लिहिलं.

मी चाचांकडे गेले. "चाचा, मी..." एवढंच जमलं.

"ठावं हाय. विकीसंगं तुला बोलताना बघितलं होतं मी. तुझं नाव गावात कशाला पुढं येऊ द्यायचं? मी काय, लेकीकडं आष्टीला जाईन. तुला इथंच राहायचंय."

मी गप्प राहिले. तीन महिने. ते मला पहिल्यापासून चांगलं जमायचं.

टेम्पो सुरू झाला. पुढच्या सीटवर बसलेल्या चाचांनी सवयीनं मान तिरकी करून इंजिन ऐकलं. मी रस्ता ओलांडून टपरीपाशी गेले.

"काय मॅडम, आज इकडं कुठं?" अक्षय म्हणाला. बाकीचे हसले.

"चाचांनी नाही," मी म्हणाले. शब्द अडखळलेच, पण टेम्पोपर्यंत जातील इतके मोठे होते. "विकीला... मी सांगितलं. मी."